चंद्रावर गेलेली बाई

लान,

तुझी मिन आली आहे. परवा सकाळी आमचे हे तिला आणायला विमानतळावर गेले तेव्हा हातात तिच्या नावाचा कागद धरून उभे होते, पण त्याची गरजच पडली नाही म्हणाले. तुझ्यासारखीच मान जराशी तिरकी ठेवून चालणारी पोरगी दिसली आणि ओळख पटली. काल तुझं सगळं पार पडलं. मिन स्मशानात शेवटपर्यंत उभी होती, रडली नाही. उद्याच्या विमानाने ती तुझ्या अस्थी घेऊन जाईल, आणि परवा तुमच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. इतकी वर्षं या सणाला घरी जायचं म्हटलं की ‘नेक्स्ट इयर, भाभी, नेक्स्ट इयर’ करत राहिलीस, ते असं साधलंस. मला तुझा भयंकर राग आलेला आहे आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

तुला मराठी येत नव्हतं. आपण दोघी कारखान्यातल्या हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीत बोललो, त्यातच भांडलो. पण मला नीट रागावता येतं ते मराठीतच. तेव्हा आता सोसून घे.

काल स्मशानातून परत आल्यावर मिनने दोन घास वरणभात खाल्ला आणि मला विचारलं, “आँटी, माय मदर टॉक टू यू एव्हरी डे. शी टेल यू, व्हाय शी लेफ्ट?” मी म्हटलं, उद्या बोलू, आज झोप. झोप कुणाला आली? मला उत्तर माहीत आहे, लान. तूच सांगितलंस. एकवीस वर्षांच्या, आईला जाळून आलेल्या मुलीला ते सांगायचं की दुसरं काहीतरी, हे मात्र सांगून गेली नाहीस.

तू आमच्याकडे राहायला आलीस ती इथल्याच, दुबईच्या अल क्वोजमधल्या कपड्यांच्या कारखान्यातून. तू सॅम्पल सेक्शनची मास्टर, नमुन्याचे कपडे बेतणारी, मी तिथेच ऑफिसात टायपिंगला. कंपनीच्या खोलीत सहाजणी, भांडणं, कुणाची कुणाला भाषा कळेना. एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन म्हणालीस, “भाभी, करामा, यू हॅव रूम?” करामातल्या आमच्या घरात आम्हाला भाडेकरू हवाच होता, पण ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “ही बाई आपल्या स्वयंपाकघरात काय काय शिजवेल?” मी अटी घातल्या, डुक्कर नाही, बैल नाही. तू मान डोलावलीस आणि आपली एकच अट सांगितलीस. तुझ्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. आमचा शशांक तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला पहिल्याच दिवशी तू त्या कात्रीची अशी भीती घातलीस की आजही तो तिच्यापासून लांब राहतो.

त्या वर्षीच तू मला म्हणालीस की पुढच्या आठवड्यात तुमच्या चीनमध्ये चंद्राचा सण आहे. मी लगेच म्हटलं, अगं, आमचीही असते कोजागिरी, पण तिला अजून महिना आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं तर भाद्रपदातली पौर्णिमा! दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा! मी तुला पटवायला लागले की या दिवसांत सणबिण करत नाहीत, महिनाभर थांब, आश्विनात आपण दोघी मिळून करू, मी दूध आटवते. इतक्या कोटी लोकांचा सण मी महिनाभर पुढे ढकलायला निघाले होते. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “भाभी, मून नो वेट.”

मग माझ्या ओव्हनमध्ये तू सणाचे केक केलेस. कमळाच्या बियांचं पुरण, गावाहून आणलेला लाकडी साचा. तुमच्याकडे डुकराची चरबी घालतात म्हणे. “फॉर यू, ओन्ली डालडा,” असं तू डब्यावर थाप मारून सांगितलंस. पण बदकाच्या खारवलेल्या अंड्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. ह्यांनी पुरणपोळीच्या हिशेबाने मोठा घास घेतला आणि आतून खारट पिवळा गोळा निघाला. तोंडात घास तसाच धरून हे माझ्याकडे बघत राहिले. “दॅट इज मून!” तू टाळ्या पिटत म्हणालीस. “आई, इट्स सो यम्मी,” म्हणत शशांकने ह्यांचा उरलेला चंद्र खाऊन टाकला.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तू पाट मांडलास. उदबत्ती, चहा, केक, आणि पपनस. पपनस बघून मला भरून आलं होतं. आमच्या कोकणात ते गणपतीच्या डोक्यावर टांगतात, आणि इथे तू त्याची साल टोपीसारखी कापून शशांकच्या डोक्यावर घातलीस. तुमच्याकडे मुलांना घालतात म्हणालीस. हे पुढे आले तर त्यांना हटकलंस. पुरुषांनी चंद्राची पूजा करायची नसते, बायकांनीच करायची. “मग मी काय करू?” ह्यांनी विचारलं. तू सांगितलंस, “भाईसाब, यू ईट.” त्यांना ते फार पटलं.

हा सण मुळात कुठून आला हे तू मला सांगायचीस ते शिवणाच्या भाषेत, आधी अस्तर, मग वरचं कापड. सगळ्यात आधी राजे. ते वसंतात सूर्याला आणि शरदात चंद्राला नैवेद्य दाखवायचे. मग ते शेतकऱ्यांनी उचललं, कारण तेव्हा भात घरात आलेला असतो आणि चंद्र वर्षात सगळ्यात मोठा दिसतो. मग त्याला गोष्ट जोडली गेली, आणि केक सगळ्यात शेवटी आला. “फर्स्ट किंग, देन फार्मर, देन स्टोरी, देन केक. नाऊ ओन्ली केक,” असं म्हणून तू हसायचीस. चंद्रावर तुमचाही ससा आहे आणि तो उखळात औषध कुटतो हे कळलं तेव्हा मी तुला सांगितलं की आमच्या शशांकच्या नावातच ससा आहे. त्या दिवसापासून तू त्याला नावाने हाक मारली नाहीस. ससाच म्हणायला लागलीस, आणि तोही ओ द्यायला लागला.

आणि गोष्ट छांग-अची. दहा सूर्य एकदम उगवले, धरती होरपळली, एका धनुर्धराने नऊ सूर्य पाडले. त्याला बक्षीस म्हणून अमर होण्याचं औषध मिळालं, पण ते एकालाच पुरेल इतकं. त्याने ते घेतलं नाही, बायकोकडे ठेवायला दिलं. तो शिकारीला गेलेला असताना त्याचाच शिष्य तलवार घेऊन ते चोरायला आला, आणि चोराच्या हाती पडू नये म्हणून छांग-अने ते पिऊन टाकलं. ती हलकी झाली, वर वर गेली, आणि त्यातल्या त्यात जवळ म्हणून चंद्रावर थांबली. नवऱ्याने मग अंगणात तिच्या आवडीची फळं मांडली. म्हणून पूजा. म्हणून सगळं घर त्या रात्री एकत्र बसतं, आणि जे लांब असतात ते निदान तोच चंद्र बघतात. मी म्हटलं होतं, बाई गुणाची हो! तू उठून चहा ओतायला गेलीस.

लांब असणं तू मोठ्या शिस्तीने पाळायचीस. इथे चंद्र उगवतो तेव्हा तुमच्याकडे रात्र बरीच झालेली असते. तरी मिनची आजी तिला जागी ठेवायची, गच्चीवर न्यायची. तू फोन लावून विचारायचीस, दिसतोय का? तिकडून चिमणीसारखा आवाज यायचा. मग दोघी काहीच बोलायच्या नाहीत. फोन चालू, आणि तू खिडकीतून वर बघत उभी. मला ते बघवायचं नाही. एकदा मी म्हटलंही, अगं पैसे असे चंद्र बघण्यात घालवण्यापेक्षा तिकीट काढ आणि जा. तर म्हणालीस, “भाभी, यू डोन्ट नो.” तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं हे खरं आहे.

मग ते ग्रहणाचं वर्ष आलं. तुझ्या सणाच्याच दिवशी खग्रास. सासूबाईंचा सांगलीहून फोन, वेध पाळा, काही खाऊ नका. मी दुपारपासून पाण्यात तुळशीची पानं टाकून बसले. आणि तू नेहमीसारखा गच्चीवर पाट मांडून आम्हाला बोलवायला आलीस. “मून कम, यू नो ईट? व्हाय?” मी म्हटलं, राहू चंद्राला गिळणार आहे, अशा वेळी अन्न चालत नाही. तू भडकलीस. कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, “इन चायना ऑल्सो डॉग ईट द मून! बट वी नो सिट अँड क्राय. वी फाइट!” आणि माझी कढई आणि झारा उचलून वर गेलीस.

नऊच्या सुमाराला चंद्राची कड काळी पडायला लागली आणि तू कढई बडवायला सुरुवात केलीस. मला कढईला पोचे पडतील याची काळजी, म्हणून मी मागोमाग धावले. शशांकने कुकरचं झाकण आणलं. वॉचमन धापा टाकत वर आला, “क्या हुआ मॅडम, आग लगी?” तू त्याच्या हातात डबा दिलास. “डॉग! बिग डॉग! यल्ला, यल्ला!” तो पठाण बिचारा क्षणभर बघत राहिला आणि मग आमच्याहून जोरात बडवायला लागला. मशिदीत ग्रहणाची नमाज चालू झाली होती, खाली करामातली निम्मी बिऱ्हाडं रस्त्यावर येऊन वर बघत होती, आणि तू नाचत होतीस. तुला मी त्याआधी दात दिसतील इतकी हसताना पाहिलं नव्हतं. चंद्र सुटला, मी अंघोळ केली, मग आम्ही तुझे केक खाल्ले. कढईला पोचे पडलेच. ती मी अजून वापरते.

त्याच्या पुढच्या वर्षी अजब झालं. तुमच्याकडे अधिक महिना आला, आमच्याकडे आला नाही, आणि तुझा सण नेमका आमच्या कोजागिरीवर येऊन पडला. मी म्हटलं, बघ, शेवटी माझंच खरं झालं, आलात ना आश्विनात! मी केशर घालून दूध आटवलं. आमच्याकडे या रात्री लक्ष्मी फिरते आणि कोण जागं आहे असं विचारते, हे तुला सांगितलं. तू दुधाचा पेला हातात फिरवत बसलीस. मग म्हणालीस, “भाभी, छांग-अ का एक और स्टोरी है. ओल्ड स्टोरी.”

त्या जुन्या गोष्टीत शिष्य नाही, तलवार नाही. दारात कुणी आलंच नाही. नवरा बाहेर गेला होता, घर शांत होतं, औषध समोर होतं, आणि तिला ते हवं होतं. तिने घेतलं आणि गेली. चंद्रावर पोचल्यावर तिची बेडकी झाली. मी वैतागले. म्हटलं, मग अशा बाईची पूजा कशाला करता? तर तू म्हणालीस, “दोनो में वो चली गयी. बच्चा लोग को क्या फरक?” मी म्हटलं, फरक पडतो. नाइलाजाने गेलेली वेगळी आणि मनाने गेलेली वेगळी. मग माझ्या लक्षात आलं की गोष्टीतल्या छांग-अला मूल नव्हतंच. तू ताकाला जाऊन भांडं लपवत होतीस. मी विचारलं, लान, तुला कुणी पाठवलं होतं? आणि तू सरळ सांगून टाकलंस. कुणी नाही. नवरा मारत नव्हता, खायला कमी नव्हतं. तिकडच्या कारखान्यात एजंट आला, दुबई म्हणाला, आणि तू नाव देऊन टाकलंस. मिन तेव्हा चालायला लागली होती. सासू म्हणाली, जाऊ नको. तू म्हणालीस, जाणार. “आय वॉन्ट, भाभी. ओन्ली आय वॉन्ट.”

मी नवऱ्यामागून आलेली बाई. मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री मला तुझा राग आला आणि हेवाही वाटला, आणि दोन्ही मी दुधाबरोबर गिळले. नंतर आपला तो वाद कितीदा तरी निघाला, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, बसच्या रांगेत. तू म्हणायचीस, फरक नाही. मी म्हणायचे, आहे. तो तसाच राहिला.

मिन सोळा-सतराची झाली आणि एका सणाला फोनवर आलीच नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. आजी सांगायची, अभ्यास आहे, झोपली आहे. मी तुझी बाजू घेऊन त्या पोरीला नाही नाही ते बोलले. आई इकडे मरमर मरतेय आणि हिला दोन मिनिटं नाहीत! तू म्हणालीस, “नो, भाभी. शी इज राइट.” मला वाटलं, आईचं काळीज. त्यानंतर दर सणाच्या रात्री तू खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागलीस. साचा कपाटात गेला. शशांकने केक मागितला तेव्हा म्हणालीस, “बकवास केक है, टू मच शुगर.”

आजारपण तू लपवलंस तेवढं लपवलंस. कळलं तेव्हा डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलत होते. मी म्हटलं, मिनला बोलावते. तू माझं मनगट असं धरलंस की त्या हातात एवढं बळ कुठून आलं मला कळेना. “नो. इफ शी कम, शी कम फॉर मी. नॉट फॉर डाईंग. प्रॉमिस.” मी शब्द दिला. या वर्षी दीड दिवसाचा गणपती बाल्कनीत बादलीत विसर्जन करून मी तशीच हॉस्पिटलात आले, प्रसादाचा मोदक घेऊन. तू वास घेतलास, खाल्ला नाहीस. दोन दिवसांनी खलास. मग फोन मलाच करावा लागला, आणि तिकडून तो आवाज आला, चिमणीचा नाही, मोठ्या बाईचा. तिने एकच विचारलं, “यू कॉल मी ओन्ली टुडे?” असा शब्द कुणाकडून घेऊ नये, लान. घेणारा सुटतो.

परवा पौर्णिमा. तुमच्यात त्या रात्री जिवंत माणसं घरी येतात. आमच्यात दुसऱ्या दिवसापासून गेलेली माणसं जेवायला येतात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की तुम्ही चुकीच्या महिन्यात सण करता. आता वाटतं, तू कुठल्या रात्री कुणाकडे येणार आहेस? मी पान वाढायचं की नाही? मी तुझी कोण हे कुठल्याच पोथीत नाही. वाढणार आहे. पुरुषांनी करायचं असतं ते, पण तूच म्हणाली होतीस, भाईसाब खातील.

आज सकाळी मिन अंघोळ करून स्वयंपाकघरात आली आणि तुझ्याच स्टुलावर बसली. ह्यांचा सल्ला मी आधीच घेतला होता. हे म्हणाले, मुलीच्या मनाला जन्मभर टोचेल असं काही सांगू नको. मलाही पटलं होतं. म्हणून मी तलवार घेतलेला चोर उभा केला. म्हटलं, मिन, तुमच्याकडे तेव्हा पैसे नव्हते, तुझ्या शाळेसाठी, आजीच्या औषधासाठी तिला जावं लागलं, ती रडत रडत निघाली, तिला जायचं नव्हतं. छान सांगत होते. माझंच मला खरं वाटायला लागलं होतं. तिने मला पुरं करू दिलं.

मग म्हणाली, “आँटी, नो. शी टोल्ड मी.”

सोळाव्या वर्षी तिने तुला फोनवर विचारलं होतं. आजीने तिला तेच सांगितलं होतं, शाळा, पैसे. तू म्हणालीस, खोटं आहे. मला कुणी पाठवलं नाही, मी गेले, मला जायचं होतं. आणि पोरीने फोन ठेवला.

म्हणजे तुला माहीत होतं ती का येत नाही. मी तिला शिव्या देत होते, तू भाजी चिरत होतीस, आणि तुला माहीत होतं. माझ्यापुढे वाद घालत होतीस की फरक पडत नाही, आणि तिकडे त्याची पुरेपूर किंमत मोजून बसली होतीस! एक लहानसं खोटं बोलली असतीस तर दरवर्षी तो फोन आला असता. मला समजत नाही तू वेडी होतीस की काय होतीस.

“आय वॉज व्हेरी अँग्री,” मिन म्हणाली. “देन आय थिंक, एव्हरीबडी लाय टू मी. ग्रँडमदर, फादर. ओन्ली शी, नो लाय. धिस इयर आय वॉन्ट टू कॉल. फॉर द फेस्टिवल.” तिने बोटाने ओट्यावरचा पाण्याचा थेंब पुसला. “सो आँटी, व्हाय शी लेफ्ट, आय नो. काल मी बरोबर विचारलं नाही.” हे शेवटचं तिने इंग्रजीतच म्हटलं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. “आय वॉन्ट टू आस्क, हिअर, शी वॉज हॅपी?”

मी गॅस बंद केला.

“बिकॉज इफ शी वॉज नॉट हॅपी,” ती म्हणाली, “देन आय लॉस्ट, अँड शी ऑल्सो लॉस्ट. बोथ. फॉर नथिंग.”

आणि ती रडायला लागली. स्मशानात न रडलेली पोरगी माझ्या ओट्यापाशी तोंड उघडं टाकून रडली, लहान मुलं रडतात तशी. मी तिचं डोकं पोटाशी धरलं. आपण इतकी वर्षं एका घरात राहिलो, लान. तू नळ सोडून न्हाणीघरात रडलेलं मी ऐकलं आहे, आणि शिलाई जमली की शीळ घालत जिना चढलेलंही ऐकलं आहे. त्यातलं जास्त काय होतं, मी कधी मोजलं नाही.

मी म्हटलं, हो. होती. खूप.

तुझ्या वतीने मी हे बोलून बसले आहे आणि उद्या ती ते घेऊन जाणार आहे. एवढं एक खरं असू दे.